वर्गणीवर लढलेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक

२८ जुलै २०१९, रविवार. अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून काही मधुमेही माणसं आणि त्यांचे आईबाप बसने निघाले, नदी ओलांडून कॅनडातल्या विंडसरला गेले आणि तिथल्या औषधाच्या दुकानातून इन्सुलिन घेऊन परत आले. दोन्ही शहरं एकाच नदीच्या दोन काठांवर. इकडून पलीकडच्या इमारती दिसतात. औषधही तेच. किंमत मात्र पलीकडे साधारण दहावा हिस्सा. या मंडळींबरोबर पांढऱ्या, विस्कटलेल्या केसांचे ७७ वर्षांचे एक सिनेटर होते, बर्नी सँडर्स. ते तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडे दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातच, टोरांटोत लागला. शोध लावणाऱ्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. त्यानंतर शंभर वर्षं होत आली, तरी अमेरिकेत विमा नसलेल्या माणसाला एका छोट्या बाटलीसाठी तीनशे डॉलरच्या घरात पैसे मोजावे लागत होते. असं का? कारण तिथे औषधाची किंमत कंपनी ठरवते, आणि पासष्टीच्या पुढच्या नागरिकांचा आरोग्यखर्च उचलणाऱ्या ‘मेडिकेअर’ या सरकारी योजनेला २००३ च्या एका कायद्याने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायलाच मनाई केली होती. देशातलं सर्वात मोठं गिऱ्हाईक, आणि त्याने भाव करायचा नाही. असा कायदा संमत कसा होतो, हे शोधत गेलं की आपण निवडणुकीला पैसा कोण पुरवतो या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. सँडर्स यांच्या २०१६ आणि २०२० च्या मोहिमा समजून घ्यायच्या तर हे दोन प्रश्न एकत्रच धरावे लागतात.

त्या वर्षांत आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. नवरा एच-वन-बी व्हिसावर आणि मी त्याच्या आधाराने मिळणाऱ्या एच-फोरवर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. मताचा हक्क अर्थातच नव्हता. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने तिथल्या कुठल्याही निवडणुकीला एक डॉलर देणंसुद्धा बेकायदा आहे. मात्र पैसे न घेता प्रचाराचं काम करायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून मी फोन करायला बसले. त्या कामातून मला जे कळलं, ते इथे उलगडून सांगते आहे.

तिकीट कोण देतं?

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट पक्षाचे मतदार देतात, आणि तेही एका दिवसात नाही. निवडणुकीच्या वर्षात फेब्रुवारी ते जून या काळात एकेक राज्य आपला कौल देत जातं. बहुतेक राज्यांत ‘प्रायमरी’ असते, म्हणजे सरळ मतदान. त्या वर्षांत काही राज्यांत ‘कॉकस’ असे, म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत नाहीतर चर्चच्या सभागृहात सगळे जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. मग डोकी मोजत. आयोवात बहुतेक ठिकाणी एखाद्या कोपऱ्यात १५ टक्क्यांपेक्षा कमी माणसं असली, तर तो कोपरा बाद होई. तिथल्या लोकांना दुसऱ्या कोपऱ्यातून हाका सुरू होत, ‘या, आमच्याकडे या.’ शेजारीच शेजाऱ्याला पटवत असे. डेमोक्रॅटिक पक्षात या मतांच्या प्रमाणात उमेदवाराला प्रतिनिधी मिळतात, आणि उन्हाळ्यातल्या पक्षाच्या अधिवेशनात ज्याचे प्रतिनिधी निम्म्याहून जास्त त्याला तिकीट.

यात एक मेख होती. २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षात सातशेहून अधिक ‘सुपरडेलिगेट’ होते, म्हणजे खासदार, राज्यपाल आणि पक्षाचे पदाधिकारी. मतदारांचा कौल काहीही असो, ते आपल्या मर्जीने मत देऊ शकत. त्यातले बहुतेक सुरुवातीपासूनच बर्नींच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते. दुसरी अडचण नोंदणीची. न्यू यॉर्कमध्ये मतदान १९ एप्रिल २०१६ ला होतं, पण दुसऱ्या पक्षाच्या मतदाराला डेमोक्रॅट म्हणून नाव बदलून घ्यायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती. सहा महिने आधी! बर्नींचं नाव तोवर पुष्कळांनी ऐकलेलंही नव्हतं.

आणि हे बर्नी स्वतः मुळात पक्षाबाहेरचे. जन्म १९४१ चा, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील पोलंडहून आलेले, रंग विकणारे फिरते विक्रेते. त्यांचे बरेचसे नातेवाईक नाझींच्या संहारात गेले. शिकागो विद्यापीठात शिकत असताना बर्नी काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीत उतरले, १९६३ साली अटकही झाली. पुढे व्हर्माँट या छोट्या राज्यात जाऊन एका चिमुकल्या पक्षातर्फे निवडणुका लढले आणि पडत राहिले. १९८१ साली बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले ते अवघ्या १० मतांनी. तिथून लोकसभेसारख्या प्रतिनिधिगृहात, २००७ पासून सिनेटमध्ये, आणि हे सगळं अपक्ष म्हणून. ३० एप्रिल २०१५ ला त्यांनी संसदेबाहेरच्या हिरवळीवर उभं राहून उमेदवारी जाहीर केली. दहाएक मिनिटांत आटोपलं, कारण आत कामावर परत जायचं होतं. महिनाभराने पहिली मोठी सभा झाली ती बर्लिंग्टनच्या तळ्याकाठच्या सार्वजनिक बागेत.

देणगी आणि वर्गणी

मराठीत आपण देणगी आणि वर्गणी यांत फरक करतो. देणगी एकजण देतो आणि त्याचं नाव पाटीवर लागतं. वर्गणी घराघरातून गोळा होते, पावती फाडून. जो वर्गणी देतो तो हिशेब विचारतो आणि मांडव घालायलाही येतो. सँडर्स यांची मोहीम वर्गणीची होती. हा फरक समजला की त्या मोहिमेचं निम्मं गणित समजलं.

अमेरिकेत २०१६ साली एका माणसाला एका उमेदवाराच्या प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत होते. पण २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर ‘सुपर पॅक’ नावाची वाट उघडली. उमेदवाराच्या हातात पैसा न देता, त्याच्याशी संगनमत न करता, बाहेरून त्याच्यासाठी हवा तेवढा खर्च करायला मोकळीक मिळाली. अब्जाधीशांनी आणि कंपन्यांनी मग कोट्यवधी ओतायला सुरुवात केली. सँडर्स यांनी सांगितलं, मला माझा सुपर पॅक नको. (परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सुपर पॅकमधून त्यांच्यासाठी खर्च केला, तेव्हा विरोधकांनी बोट दाखवलंच. तो पैसा परिचारिकांच्या वर्गणीचा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण घटना खरी आहे.)

मग पैसा आला कुठून? पहिल्या २४ तासांत १५ लाख डॉलर जमले, तेही वेबसाइटवरून. लवकरच एक आकडा प्रसिद्ध झाला, सरासरी वर्गणी २७ डॉलर. सभेत बर्नी ‘सरासरी किती?’ असं नुसतं म्हणायचे आणि हजारो लोक एका सुरात ओरडायचे, ‘ट्वेंटी सेव्हन!’

आता या आकड्याची गंमत बघा. ज्याने एकदम २,७०० डॉलर दिले, त्याची मर्यादा संपली. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडे परत जाता येत नाही. ज्याने २७ दिले, त्याच्याकडे आणखी ९९ वेळा जाता येतं. आणि कार्ड वेबसाइटवर एकदा नोंदलेलं असलं की पुढच्या वेळी नुसतं एक बटण दाबायचं. म्हणून २०१६ च्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तिन्ही महिन्यांत बर्नींनी क्लिंटन यांच्यापेक्षा जास्त पैसा उभा केला. ९ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायर ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी जिंकल्यावर त्यांनी विजयाच्या भाषणातच सांगितलं, की मी बड्या लोकांच्या मेजवानीला पैसे मागायला जाणार नाही, इथेच, आत्ताच देशभरातून निधी गोळा करणार आहे, आणि वेबसाइटचं नाव घेतलं. पुढच्या अठरा तासांत ५० लाख डॉलरहून अधिक जमले. त्या मोहिमेला एकूण २३ कोटी डॉलरच्या आसपास मिळाले.

पैशाची ही वाट आणि धोरणं वेगवेगळी नाहीत. औषध कंपनीच्या वरिष्ठांच्या घरी जेवून, त्यांचा धनादेश खिशात घालून दुसऱ्या दिवशी ‘औषधांचे भाव सरकार ठरवेल’ असं म्हणणं माणसाला जड जातं. शिक्षिकेचे २७ डॉलर घेऊन म्हणता येतं. स्वतःच्या खिशातला पैसाही हे काम करत नाही. आपल्या बेळगावात वाढलेले उद्योजक श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदाच्या प्रायमरीत सरकारी आरोग्यविम्याचाच कार्यक्रम घेऊन उतरले होते. त्यांनी पैसा मुख्यतः स्वतःचाच घातला होता. ते तिसरे आले. सँडर्स यांनी पाठिंबा दिलेले अब्दुल अल-सायेद दुसरे आले. (ठाणेदार पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून संसदेत निवडून गेले.)

नोकरी गेली की विमाही गेला

कार्यक्रमातलं सगळ्यात मोठं कलम ‘मेडिकेअर फॉर ऑल’. ते समजायला तिथल्या व्यवस्थेची एक गोष्ट आधी कळली पाहिजे. अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्यविमा मुख्यतः मालक देतो. ही पद्धत कुणी विचारपूर्वक आखलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ रोखली, तेव्हा माणसं टिकवायला कारखानदारांनी विमा देऊ केला. त्यावर कर लागत नव्हता, आणि ती तात्पुरती सोय कायमची होऊन बसली.

२०१७ साली नवऱ्याच्या कंपनीने एका शुक्रवारी दुपारी त्याच्या अख्ख्या गटाला घरी पाठवलं. व्हिसाच्या नियमाप्रमाणे दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस. विमा महिनाअखेरीपर्यंत. मुलगी तेव्हा दोन वर्षांची आणि कान फुटल्याने तापलेली. जुनाच विमा चालू ठेवायची सोय कायद्यात आहे, पण मग मालकाचा वाटाही आपणच भरायचा. महिन्याचा तो आकडा आमच्या घरभाड्याच्या जवळ जात होता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आम्ही हिशेब करत होतो, की डॉक्टरकडे ३० तारखेच्या आत नेऊ या. तापाला तारीख लावायची वेळ आली. पाच आठवड्यांत त्याला दुसरी नोकरी लागली, आमचं निभावलं. पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिथे माणूस पगारासाठी जेवढा नोकरीला चिकटून असतो, तेवढाच विम्यासाठीही.

आणि विमा असला तरी पैसे भरावे लागतातच. दरमहा प्रीमियम तर आहेच. वर ‘डिडक्टिबल’, म्हणजे समजा ३,००० डॉलरपर्यंतचा वर्षाचा खर्च आधी तुमचा, त्यानंतर विमा कंपनी हात लावणार. डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानात दर वेळी ‘को-पे’. डॉक्टर कंपनीच्या यादीतला नसेल तर वेगळाच भुर्दंड. २०१८ साली साधारण पावणेतीन कोटी लोकांना विमाच नव्हता. आणि एवढं करून देशाच्या उत्पन्नातला सतरा-अठरा टक्के पैसा आरोग्यावर जातो, बाकीच्या श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त.

सँडर्स यांचं विधेयक १३ सप्टेंबर २०१७ ला सिनेटमध्ये आलं. कल्पना साधी आहे. १९६५ पासून म्हाताऱ्यांसाठी चालू असलेली मेडिकेअर योजना चार वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळ्यांना लागू करायची. वयाची अट ६५ वरून ५५, मग ४५, मग ३५, आणि मग अटच नाही. दात, डोळे, कान त्यात धरलेले. प्रीमियम नाही, डिडक्टिबल नाही, को-पे नाही, फक्त काही औषधांना वर्षाला जास्तीत जास्त २०० डॉलर. दवाखाने खासगीच राहतील, बिल मात्र सरकार भरेल.

खर्चाचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकता कामा नये. मर्केटस सेंटर या संस्थेतल्या अभ्यासकाने २०१८ साली हिशेब मांडला की सरकारचा खर्च दहा वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल. हा आकडा सगळीकडे छापून आला. त्याच अहवालातल्या तक्त्यात असंही होतं, की विधेयकातल्या दराने पैसे दिले तर सरकार, कंपन्या आणि कुटुंबं मिळून देशाचा एकूण आरोग्यखर्च दोन लाख कोटींनी कमीच होईल. लेखकाचं म्हणणं, तेवढ्या कमी दरात दवाखाने चालणार नाहीत. बर्नी समर्थकांचं म्हणणं, विमा कंपन्यांचा कागदोपत्री खर्च आणि नफा वाचला की चालतील. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. आज जो पैसा पगारातून गुपचूप जातो, तो उद्या कर म्हणून डोळ्यांसमोर जाईल. सँडर्स यांच्या पर्यायांमध्ये कुटुंबाच्या पहिल्या २९,००० डॉलरच्या उत्पन्नानंतरच्या रकमेवर ४ टक्के आणि मालकावर पगाराच्या साडेसात टक्के कर होता. चार माणसांचं ५०,००० डॉलर कमावणारं घर धरा. २१,००० वर ४ टक्के, म्हणजे वर्षाला ८४० डॉलर. तेवढ्यात आमचा त्या काळचा एक महिना निघाला नसता. पण ‘कर वाढणार’ हे दोन शब्द दूरदर्शनच्या वादात दोन सेकंदांत उच्चारता येतात, आणि हा हिशेब सांगायला मला एवढा परिच्छेद लागला.

बाकीची कलमं त्यामानाने सोपी आहेत. किमान वेतन ताशी १५ डॉलर करायचं. केंद्र सरकारचा दर २००९ पासून ७.२५ वरच अडकलेला, म्हणजे वर्षभर पूर्णवेळ राबून १५,०८० डॉलर. ही मागणी बर्नींनी शोधलेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या बर्गरच्या दुकानांतल्या कामगारांनी संप करून ती पुढे आणली. २०१४ साली सिॲटल शहराने तो दर मान्य केला. त्या लढ्यात पुढे होत्या नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. सप्टेंबर २०१८ मध्ये सँडर्स यांनी ॲमेझॉनचे संस्थापक बेझोस यांच्या नावाची आठवण करून देणारं विधेयक मांडलं, की मोठ्या कंपन्यांच्या कामगारांना पोटासाठी सरकारी मदत घ्यावी लागत असेल तर तो खर्च कंपनीकडून वसूल करा. महिन्याभरात ॲमेझॉनने १५ डॉलर जाहीर केले.

सरकारी महाविद्यालयं निःशुल्क करायची. २०१९ मध्ये तर सगळं १.६ लाख कोटी डॉलरचं शैक्षणिक कर्ज माफ करायचा प्रस्ताव आला, आणि पैसा शेअर बाजारातल्या खरेदीविक्रीवर अर्धा टक्का कर लावून. ३.२ कोटी डॉलरहून जास्त संपत्ती असलेल्या जोडप्यांवर १ टक्क्यापासून ८ टक्क्यांपर्यंत चढत जाणारा संपत्तीकर. हवामानासाठी १६.३ लाख कोटींचा आराखडा. यातली कर्जमाफी मला अर्धवट पटते, कारण भरपूर कमावणाऱ्या डॉक्टर-वकिलाचं कर्जही त्यात माफ होतं. बर्नींचं उत्तर असं, की श्रीमंताचं मूलही सार्वजनिक शाळेत फुकटच शिकतं, तिथे आपण दाखला मागत नाही.

स्वतःला ते ‘लोकशाही समाजवादी’ म्हणवतात. हा शब्द अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखा वापरला गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात आणि जून २०१९ मध्ये पुन्हा त्यांनी त्यावर सविस्तर भाषण केलं. दोन्हींत आधार घेतला फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या १९४४ च्या भाषणाचा, ज्यात नोकरी, घर, औषधोपचार आणि शिक्षण हे नागरिकाचे हक्क म्हटले होते. कारखाने सरकारने ताब्यात घ्यावेत असं त्यांच्या कार्यक्रमात नाही.

फोनच्या पलीकडे

२९ जुलै २०१५ ला देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास ठिकाणी, लोकांच्या दिवाणखान्यांत, वाचनालयांत, लाखभर माणसं जमली आणि बर्नींचं एकच भाषण लॅपटॉपवर ऐकलं. शेवटी सांगितलं गेलं, काम करायची तयारी असेल तर या नंबरवर मेसेज करा. तिथून स्वयंसेवकांची फौज उभी राहिली. पगारी माणसं थोडी. स्वयंसेवकच नवे स्वयंसेवक तयार करत, आयोवातल्या मतदाराला फोन कॅलिफोर्नियातून जात.

माझं ठिकाण जेवणाचं टेबल. कानाला हेडफोन. संगणक आपणच नंबर फिरवतो, पडद्यावर नाव, वय, गाव येतं आणि खाली काय बोलायचं ते लिहिलेलं असतं. वीस फोनांतले पंधरा लागतच नाहीत, तीन माणसं चिडून ठेवून देतात. उरलेल्या दोघांसाठी सगळा खटाटोप. पहिल्या आठवड्यात मी लिहिलेलं वाचून दाखवायची. नंतर एका मुलीने शिकवलं, आधी विचार, ‘तुम्हाला कसली काळजी वाटते?’ आणि गप्प बस. लोक बोलायचे. दाताचं बोलायचे फार. दाढ काढायला पैसे नाहीत म्हणून महिनोन्‌महिने एका बाजूने जेवणारी माणसं मला फोनवर भेटली, जगातल्या सर्वात श्रीमंत देशात.

२०२० ची सुरुवात जोरात झाली. आयोवात सर्वाधिक मतं बर्नींना, न्यू हॅम्पशायर जिंकलं, आणि २२ फेब्रुवारीला नेव्हाडा. लास वेगासच्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या साठ हजार कामगारांची तिथे एक बलाढ्य संघटना आहे, कलिनरी युनियन. संपावर संप करून तिने सभासदांसाठी उत्तम आरोग्ययोजना मिळवलेली, स्वतःचा दवाखानासुद्धा. संघटनेने पत्रकं वाटली, की सँडर्स आले तर ही योजना संपेल. ही भीती खोटी म्हणता येत नाही. खासगी योजनांची जागा सरकारी योजना घेणार हे विधेयकातच होतं. तरी कॉकसच्या दिवशी मोठमोठ्या कॅसिनोंमध्ये गणवेशातच आलेले कामगार कोपऱ्यांत उभे राहिले, आणि तिथल्या बहुतेक केंद्रांवर बर्नीच जिंकले. काहींनी पत्रकारांना सांगितलं, माझी सोय आहे, पण माझ्या भावाची, मुलीची नाही. त्याआधीच्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या क्वीन्सब्रिज बागेतल्या सभेत बर्नींनी लोकांना एक प्रश्न विचारला होता, की ज्याला तुम्ही ओळखतही नाही त्याच्यासाठी स्वतःइतकंच लढायला तयार आहात का? त्या कामगारांचं उत्तर ‘हो’ असं होतं.

आठवड्याने दक्षिण कॅरोलायना आलं. मी त्या आठवड्यात तिकडचेच फोन केले. सत्तरीच्या एक काळ्या बाई माझ्याशी बराच वेळ बोलल्या. औषधांचे भाव त्यांना मान्य, दवाखान्याचं मान्य, विधेयकसुद्धा मान्य. शेवटी म्हणाल्या, ‘बेटा, बोलतेस तू खरं,’ आणि हसल्या, ‘पण मी मत जोला देणार. त्या दुसऱ्या माणसाला हरवणं आहे आधी, आणि जोला आम्ही ओळखतो.’ त्यांच्या इंग्रजीतलं ‘हनी’ माझ्या कानांना ‘बेटा’ असंच ऐकू आलं. दुसरा माणूस म्हणजे ट्रम्प. दोन दिवस आधी तिथले बुजुर्ग खासदार जेम्स क्लायबर्न यांनी जो बायडन यांना पाठिंबा देताना जवळजवळ हेच म्हटलं होतं: आम्ही जोला ओळखतो, आणि महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो.

त्या फोननंतर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमची मोहीम लाखो घरांच्या दारापर्यंत पोहोचू शकत होती. पण त्या बाईंच्या चर्चमध्ये, त्यांच्या घरच्या मयतीला, त्यांच्या नातवाच्या पदवीदानाला तीस वर्षं जाऊन बसलेली माणसं आमच्याकडे नव्हती. धोरण पटणं वेगळं आणि माणसावर विसंबणं वेगळं, हे २०१६ मध्येच दिसायला हवं होतं. तेव्हा याच राज्यात बर्नी २६ विरुद्ध ७३ टक्क्यांनी हरले होते. पुष्कळ राज्यांतल्या मतदानोत्तर चाचण्यांत बहुसंख्य डेमोक्रॅटिक मतदार सर्वांसाठी सरकारी विम्याच्या बाजूने होते, आणि मत बायडन यांना देत होते. नवे तरुण मतदार लाटेसारखे येतील हा हिशेबही चुकला.

२९ फेब्रुवारीला बायडन दक्षिण कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकले. दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार या दुसऱ्या दोन उमेदवारांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला चौदा राज्यांपैकी दहा बायडन यांच्याकडे गेली. मग कोरोना आला, सभा आणि दारोदारचा प्रचार थांबला, आणि ८ एप्रिलला बर्नींनी मोहीम आवरली. त्याच आठवड्यांत लाखो अमेरिकनांच्या नोकऱ्या, आणि नोकरीबरोबर विमे जात होते.

पक्षाने २०१८ मध्येच सुपरडेलिगेटांचं पहिल्या फेरीतलं निर्णायक मत काढून घेतलं होतं. २०१६ च्या मोहिमेत राबलेली एक मुलगी, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ, २०१८ साली दहा वेळा निवडून आलेल्या खासदाराला हरवून संसदेत गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू यॉर्कचे महापौर म्हणून निवडून आलेले झोहरान ममदानी याच वाटेने, घरोघर फिरणाऱ्या स्वयंसेवकांच्या जोरावर आले. १५ डॉलरच्या किमान वेतनाला मार्च २०२१ मध्ये सिनेटमध्ये ४२ मतं मिळाली, विरोधात ५८. केंद्राचा दर ७.२५ च राहिला.

आणि इन्सुलिन. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरला अखेर काही औषधांच्या भावाची घासाघीस करायला परवानगी मिळाली, आणि मेडिकेअरच्या रुग्णांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरहून जास्त पडणार नाही असं ठरलं. पुढच्या वर्षी इन्सुलिन बनवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनीही आपले भाव उतरवायचं जाहीर केलं. पण कायद्याची ती मर्यादा मेडिकेअरच्या रुग्णांपुरतीच, म्हणजे मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांसाठी. खासगी विमा असलेल्या तरुण मधुमेहींनाही ती लागू करायचं कलम सिनेटमध्ये मताला आलं होतं. बाजूने ५७ मतं पडली. लागत होती ६०.